मुंबईहून अमेरिकेत ट्रेलर घेऊन फिरायला जाताय? वेट डिस्ट्रिब्यूशन हिच निवडण्याआधी हा हिशोब करा

मुलं अमेरिकेत, आपण मुलुंड-बोरिवली-डोंबिवलीत, आणि उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन नॅशनल पार्क बघायची, हा बेत आता पुष्कळ घरांत शिजतो. ट्रेलर कोणता, पलंग किती, बाथरूम कसं, यावर महिनाभर व्हिडिओ कॉल चालतात. हिच मात्र दुकानदार देईल तो. हिच म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांना जोडणारं लोखंड. सगळा प्रवास ज्याच्या भरवशावर करायचा, त्याची निवड ट्रेलर ताब्यात घेताना शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जाते.

माझं आयुष्य कारखान्यात यंत्रं उभी करण्यात गेलं, त्यामुळे जावयाने ट्रेलर घेतला तेव्हा हे काम आपसूक माझ्याकडे आलं. कागद-पेन्सिल मुलुंडला, गाडी न्यू जर्सीत. इथे रात्री नऊला जेवण आटोपून मी बसायचो तेव्हा तिकडे सकाळचे साडेअकरा वाजलेले असायचे आणि जावई टेप घेऊन चाकाशी उकिडवा. सगळं बघून माझं मत असं झालं आहे की हा हिच ट्रेलरच्या ब्रोशरवरून निवडायचाच नसतो. माणसं आणि सामान भरलेल्या गाडीच्या वजनावरून निवडायचा असतो. आणि आपण मुंबईहून जाऊन गाडीत बसलो की नेमकं तेच वजन बदलतं.

१. हा हिच करतो काय, ते आधी समजून घ्या

मस्जिद बंदरला मागच्या बाजूला जास्त माल रचलेली हातगाडी बघा. दांडी वर उचलली जाते आणि ओढणारा तिला लोंबकळायला लागतो. ट्रेलर जोडलेल्या गाडीचं तसंच होतं. ट्रेलरचं नाक बॉलवर, म्हणजे हिचवरच्या ज्या लोखंडी गोळ्यावर ते बसतं त्यावर, जेवढा भार टाकतं त्याला टंग वेट म्हणतात. समजा ते ३३० किलो आहे, बॉल मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे आणि गाडीच्या दोन आसांत ३ मीटर अंतर आहे. मग पुढच्या चाकांवरून ३३० × १.२ ÷ ३, म्हणजे १३२ किलो वजन उचललं जातं. मागच्या आसावर ३३० नाही, ४६२ किलो वाढतात. स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा वाटा पुढच्या चाकांचा, आणि तीच हलकी झाली. रात्री हेडलाइटही समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

वेट डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे वजन वाटणाऱ्या, हिचच्या डोक्यातून पोलादाचे दोन लांब स्प्रिंग बार निघून ट्रेलरच्या चौकटीखाली मागे जातात. साखळीने किंवा ब्रॅकेटवर ते वर ओढून अडकवले की वाकतात आणि सरळ व्हायला बघतात. त्या जोराने गाडीचं नाक पुन्हा खाली येतं. उचललं गेलेलं वजन बरंचसं पुढच्या चाकांवर परततं आणि थोडं ट्रेलरच्या आसाकडे जातं.

तो काय करत नाही, तेही लक्षात ठेवा. गाडीची क्षमता तो एका किलोनेही वाढवत नाही. मागे जड सामान कोंबलेल्या ट्रेलरचं डोलणंही त्याने बरं होत नाही. दुकानात “हा लावला की काही टेन्शन नाही” असं ऐकलंत तर त्या माणसाला पट्टीवरचे आकडे विचारा. पट्टी कुठली, ते तिसऱ्या पायरीत आहे.

२. गाडीची पुस्तिका उघडा

कधी कधी विषय इथेच संपतो. काही गाड्यांच्या, विशेषतः वेगळी चॅसी नसलेल्या एसयूव्हींच्या पुस्तिकेत असा हिच लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्या गाडीच्या मागची चौकट ते पिळणं सोसेल अशी बनवलेलीच नसते. उलट बऱ्याच पिकअपच्या पुस्तिकेत ठरावीक वजनापुढे, अनेकदा ५,००० पौंडांपुढे, हा हिच सक्तीचा असतो. पुस्तिकेचं पीडीएफ कंपनीच्या साइटवर मिळतं, तेव्हा हे काम मुंबईत बसून होतं. मुलाला फक्त गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन विचारून घ्या.

त्याच पानांवर पुढच्या आसावर वजन किती परत आणायचं तेही दिलेलं असतं. कुणी निम्मं सांगतं, कुणी जास्त. तो आकडा लिहून ठेवा, आठव्या पायरीत लागेल.

मग गाडीच्या मागे वाकून रिसीव्हरचं, म्हणजे हिच ज्या चौकोनी भोकात जातो त्याचं, लेबल बघा. त्यावर बहुधा दोन ओळी असतात: साध्या बॉलने ओढताना किती आणि वजन वाटणाऱ्या हिचने किती. दुसरी ओळ मोठी असते आणि विक्रेते तीच दाखवतात. पण रिसीव्हर, गाडी, बॉल आणि हिच यांतला सगळ्यात लहान आकडा आपला.

भाड्याच्या गाडीने ट्रेलर ओढायचा विचार असेल तर करार आधी वाचा. नेहमीच्या भाड्याच्या मोटारींना ट्रेलर ओढायची बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि अशा वेळी विमा हात वर करतो.

३. ड्रायव्हरच्या दरवाजावरची पट्टी

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायरच्या हवेचं स्टिकर दिसतं. त्यावर माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं वाक्य असतं. दोन्ही एककं छापलेली असतात, त्यामुळे आपल्याला बरं. हा आकडा त्याच एका गाडीचा असतो. शेजारच्या त्याच मॉडेलला वरचं छत काचेचं असेल तर त्याचा आकडा वेगळा निघतो. मुलाला फोटो पाठवायला सांगा. “आठवतंय, भरपूर आहे” यावर भागवू नका.

आता हिशोब. समजा पट्टीवर ६१२ किलो आहे.

मुलगा, सून आणि मुंबईहून गेलेले आपण दोघं, असे चौघं मिळून २९० किलो धरू. यात कपडे आणि हातातल्या पिशव्या आल्या. हिचचं स्वतःचं लोखंड ४१ किलो. टंग वेट ३३० किलो. बेरीज ६६१. म्हणजे गाडी ४९ किलोंनी जास्त भरली, आणि अजून डिकीत काही ठेवलेलं नाही. हिच बसवल्यावर टंग वेटपैकी थोडा भाग ट्रेलरच्या आसाकडे जाईल आणि गाडी कदाचित काठावर बसेल, पण निवड करताना पूर्ण वजनच धरा.

हाच हिशोब मुलगा-सून दोघंच असताना मजेत जमत होता. ट्रेलर घेताना विक्रेत्याने पाहिलं ते त्या दोघांना. मोठ्या अक्षरांत छापलेली ओढण्याची क्षमता गाडीत एखाद-दोन माणसं धरून काढलेली असते. आपण २३-२३ किलोच्या बॅगा घेऊन उतरतो आणि गणित मोडतं. हे मुलांच्या ध्यानात येत नाही, आणि आलं तरी आई-वडिलांना वजन विचारायला ती संकोचतात. तुम्हीच आपणहून सांगा.

४. टंग वेट मोजा, छापलेलं धरू नका

ब्रोशरमधलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात पाणी नसतं, पुष्कळदा बॅटरीही नसते आणि काही वेळा गॅसही नसतो. बॅटरी आणि गॅसचे सिलिंडर बहुतेक ट्रेलरमध्ये नाकावरच असतात, म्हणजे त्यांचा भार जवळजवळ सगळा बॉलवर. ४० गॅलनची टाकी भरली की १५० किलो वाढतात. टाकी पुढे असेल तर टंग वेट वाढतं, मागे असेल तर घटतं. शिवाय डाळ-तांदळाचे डबे, कुकर, मिक्सर आणि आपल्याकडचा तो पोळपाट, जो नेल्याशिवाय कोणी ऐकत नाही.

टंग वेट भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवं. दहाच्या खाली गेलं तर हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. पंधराच्या वर गेलं तर गाडीची मागची बाजू बसते. ट्रेलर अजून हातात नसेल तर भरलेल्या वजनाच्या १३ टक्के धरून चाला. २,५४० किलोचा ट्रेलर असेल तर ३३० किलो येतात, वरच्या हिशोबातला आकडा तिथूनच आला.

हातात असेल तर मोजायचे दोन मार्ग आहेत. एक घरगुती: बाथरूममधल्या वजनकाट्यावर मजबूत फळीचं एक टोक ठेवायचं, दुसऱ्या टोकाखाली तेवढ्याच उंचीवर पाइपचा तुकडा. पाइपपासून काट्यापर्यंत ३ फूट अंतर. पाइपपासून १ फुटावर ट्रेलरचं नाक टेकवायचं. काट्यावर येईल त्याची तिप्पट म्हणजे टंग वेट. ट्रेलरच्या चाकांना आधी दोन्ही बाजूंनी उटी लावा. दुसरा मार्ग ट्रकवाल्यांच्या काट्याचा, तो आठव्या पायरीत.

५. बारचं रेटिंग: मोठा म्हणजे चांगला, असं नाही

आपल्याकडे “थोडं हेवीच घ्या” ही सवय. फ्रिजला चालते, इथे नाही. बार ६००, ८००, १,०००, १,२०० पौंड अशा टप्प्यांत मिळतात. निवडताना मोजलेल्या टंग वेटमध्ये गाडीच्या मागच्या आसाच्या मागे, म्हणजे डिकीत, ठेवलेलं सामान मिळवायचं. आपल्या उदाहरणात ३३० किलो म्हणजे साधारण ७२८ पौंड. डिकीत ६० किलो, म्हणजे १३२ पौंड. बेरीज ८६०. ८०० चे बार कमी पडतील, १,००० चे घ्या. १,२०० चे घेतले तर ते नीट वाकतच नाहीत. प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट गाडीच्या आणि ट्रेलरच्या चौकटीवर जातो.

डिकीत काहीच ठेवणार नसाल तर ८०० मध्ये काम होतं. म्हणून सामान कुठे ठेवणार ते आधी ठरवा आणि मग बार मागवा.

६. प्रकार

डोलणं आवरायची सोय कशी आहे, यावरून भाव ठरतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे साधे बार आणि बाजूला वेगळा घर्षणाचा दांडा. चालतं, पण ट्रेलर मागे घेण्याआधी तो दांडा काढावा लागतो, नाहीतर वाकतो. कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी, मागे दोन गाड्या थांबलेल्या असताना, कोणाच्या लक्षात राहतं? नवख्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

त्यापुढे घर्षण आतच असलेले हिच. इक्वलायझरमध्ये बार एल आकाराच्या ब्रॅकेटवर घासत सरकतात. मागे घेताना काही काढावं लागत नाही, पण वळताना करकर आवाज करतो. पार्किंगमध्ये लोक वळून बघतात, बघू देत. ब्लू ऑक्सचा स्वेप्रो साखळ्यांवर बार ताणून धरतो आणि तुलनेने शांत असतो. बहुतेक घरांना या दोन जातींतलं काहीतरी पुरतं. अँडरसनचा हिच हलका असतो, त्यात पोलादी बारऐवजी साखळ्या आणि युरेथेनचे बुश असतात. लहान ट्रेलरला छान, पण जड नाकाला तो पुढच्या आसावर पुरेसं वजन परत आणत नाही असं माझं मत आहे.

सगळ्यात वर हेन्सली आणि प्रोप्राइड. यांच्या जोडदांड्यांच्या रचनेमुळे ट्रेलर जणू मागच्या आसाजवळून वळतो, त्यामुळे डोलणं मुळातच होत नाही. महाग आहेत, जडही आहेत, आणि ते वजनसुद्धा पट्टीवरच्या आकड्यातूनच जाणार. ट्रेलर लांबलचक असेल आणि गाडी आखूड, तरच विचार करा.

ट्रेलरला दाबाने चालणारे सर्ज ब्रेक असतील तर हिच कंपनीला विचारूनच घ्या, सगळे चालत नाहीत. ट्रॅव्हल ट्रेलरना शक्यतो विजेचे ब्रेक असतात. त्यांना गाडीत ब्रेक कंट्रोलर लागतो. हिच कितीही चांगला असला तरी त्याची जागा घेत नाही.

७. बॉल आणि शँकची मापं

बॉलचं माप ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे नाकातल्या बॉलवर बसणाऱ्या वाटीवर, कोरलेलं असतं: २ इंच किंवा २ ५/१६ इंच. कपलर मोठा आणि बॉल लहान असेल तर वरवर बसल्यासारखा वाटतो आणि उसळीला सुटतो. पुष्कळ हिच बॉलशिवाय विकले जातात, तेव्हा बिल नीट वाचा. शँक, म्हणजे हिचचा रिसीव्हरमध्ये जाणारा दांडा, २ इंची की अडीच इंची, तेही रिसीव्हर मोजून ठरवा. ट्रेलर सपाट जमिनीवर समतल उभा करून कपलरची उंची आणि रिसीव्हरची उंची मोजली की शँक खाली जाणारा हवा की वर जाणारा ते कळतं. जोडल्यावर ट्रेलर समतल किंवा नाकात किंचित खाली हवा. नाक वर असेल तर टंग वेट कमी होतं आणि डोलणं सुरू होतं.

दर वेळी कोणीतरी विचारतं, “हाच हिच इकडे आणून आपल्या कॅम्पर ट्रेलरला लावू का?” नको. युरोपीय पद्धतीचे कपलर ५० मिलिमीटरचे असतात आणि अमेरिकेचा २ इंची बॉल ५०.८ चा. एवढ्याशा फरकाने कपलर पूर्ण बंद होत नाही. आणि छोट्या कॅम्परचं नाक हलकं असतं, त्याला याची गरजच नसते. गल्लीगल्लीतल्या स्पीडब्रेकरवर खालचे बार घासतील ते वेगळंच. इथे ओढायचाच असेल तर मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही वाहनच आहे, त्यामुळे त्याची वेगळी नोंदणी लागते, हे विसरू नका.

८. बसवणं आणि काट्यावर जाणं

बॉलचा नट काही शे फूट-पौंडांनी आवळावा लागतो. घरच्या पान्याने ते होत नाही. दुकानातच करून घ्या आणि किती टॉर्क दिला ते बिलावर लिहून मागा.

मग टेप घ्या. नेहमीची माणसं आणि सामान भरून, ट्रेलर न जोडता, पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजा. समजा ९१० मिलिमीटर. ट्रेलर जोडा, बार न ताणता मोजा: ९४०. बार ताणून मोजा. पुस्तिकेत निम्मं परत आणा म्हटलं असेल तर ९२५ यायला हवं. उंची ९२५ च्या वरच राहिली तर साखळी एका कडीने आखूड करून जास्त ताणा, ब्रॅकेट एक भोक वर घ्या किंवा हिचचं डोकं आणखी मागे कलवा. ९१० च्या खाली मात्र जाऊ देऊ नका. मागची चाकं हलकी झाली की ओल्या रस्त्यावर गाडी मागून निसटते.

टेपने अंदाज येतो, खात्री काट्यावर. हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केलचे काटे असतात. पुढची चाकं एका पत्र्यावर, मागची दुसऱ्यावर आणि ट्रेलर तिसऱ्यावर उभा करायचा, की तीन वेगळे आकडे छापून मिळतात. तीनदा वजन करा. पौंडांतून किलोत आणल्यावर आपल्या उदाहरणात चिठ्ठ्या अशा येतील:

- नुसती गाडी: पुढे १,४००, मागे १,३५०
- ट्रेलर जोडून, बार सैल: पुढे १,२६८, मागे १,८१२
- बार ताणून: पुढे १,३७०, मागे १,६४०

दुसऱ्या चिठ्ठीतल्या बेरजेतून पहिलीतली वजा करा: ३,०८० वजा २,७५० म्हणजे ३३०. हे खरं टंग वेट. तिसऱ्या वेळी पुढच्या आसावर १०२ किलो परत आले, म्हणजे गेलेल्या १३२ पैकी तीन चतुर्थांशांहून थोडे जास्त. गाडीवरची बेरीज ३,०१० झाली, म्हणजे ७० किलो ट्रेलरच्या आसाकडे गेले. दोन्ही आसांचे आकडे दरवाजाजवळच्या दुसऱ्या, आसांची मर्यादा लिहिलेल्या स्टिकरच्या आत आहेत ना, एवढं बघायचं. तीनही वेळा सगळी माणसं गाडीतच बसलेली हवीत. “मी उतरून कॉफी आणते” असं कोणी म्हटलं तर थांबवा.

९. जोडणं, सोडणं, चालवणं

बार सोडताना हातापायाला लागू शकतं. ताणलेला बार सुटला की लाथेसारखा येतो. आधी कपलर बॉलवर लॉक असतानाच ट्रेलरच्या जॅकने नाक आणि गाडीची मागची बाजू एकत्र वर उचला. बार सैल झाले की मगच काढा. काढणीचा दांडा धरताना चेहरा त्याच्या वाटेत नको, आणि नातवंडं लांब. सेफ्टी चेन कपलरखाली एकमेकींना छेदून अडकवा, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) वेगळी लावा, सात पिनांचा प्लग घट्ट बसला ना ते दिवे लावून बघा.

ट्रेलर डोलायला लागला तर जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगने त्याच्याशी भांडू नका. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा आणि कंट्रोलरवरच्या हाताच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावा. हा खटका कुठे आहे ते शेजारी बसणाऱ्यालाही दाखवून ठेवा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कमाल वेग ताशी ५५ मैल आहे. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, मार्ग ठरला की बघून घ्या.

तुम्ही स्वतः चालवणार असाल तर आधी नुसती गाडी उजव्या बाजूने चालवायची सवय करा. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर कितीही वर्षं काढली असली तरी पहिल्याच दिवशी मागे ट्रेलर नको.

जवळ ठेवायचे कागद

- आपला चालू वाहन परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना. हा आपल्या आरटीओत फॉर्म ४-ए भरून मिळतो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्ट लागतो.
- विमा कंपनीकडून तुमचं नाव चालक म्हणून धरल्याची चिठ्ठी. तोंडी चालत नाही.
- ट्रेलरची नोंदणी आणि त्याच्यावरच्या वजनाच्या स्टिकरचा फोटो.
- दरवाजावरची पट्टी आणि रिसीव्हरचं लेबल, दोन्हींचे फोटो.
- हिचची पुस्तिका आणि काट्यावरच्या तीन चिठ्ठ्या.

अवजारं

इंच आणि मिलिमीटर दोन्ही असलेला टेप, टॉर्क पाना, उट्या, जाड हातमोजे, बॉलसाठी ग्रीस. टॉर्क पाना नागदेवी स्ट्रीटला चांगला मिळतो, पण तो बॅगेत घालून नेऊ नका, तिकडेच घ्या. ग्रीस बॉलला लावायचं. घर्षणाच्या हिचमध्ये जिथे बार घासतात तिथे पुस्तिकेत सांगितल्याशिवाय लावायचं नाही, नाहीतर डोलणं आवरायची सोयच जाते. पहिल्या ५० मैलांनंतर थांबून सगळे बोल्ट पुन्हा तपासा.